90 कोटींचे पत्र आले आहे, पण हातात किती पडणार?

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो. पुण्यात आपली 11 वर्षे जुनी खासगी कंपनी आहे. औषध-वितरकांच्या गोदामांतील आणि शीतगृहांतील साठा व तापमान यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर ती वार्षिक वर्गणीवर देते. उलाढाल 22 कोटी रुपये, व्याज-कर-घसाऱ्यापूर्वीचा नफा 5 कोटी आणि कर्मचारी 64. आपल्याकडे 62 टक्के शेअर्स आहेत, सहसंस्थापकाकडे 14, सुरुवातीच्या गुंतवणूकदारांकडे 16, आणि ईसॉप योजनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीला शेअर्स घेण्याचा पर्याय देणाऱ्या योजनेत, 8. एका जर्मन कंपनीने संपूर्ण कंपनी 90 कोटींना घेण्याची तयारी दाखवणारे पत्र पाठवले आहे. त्यातले 55 कोटी व्यवहार पूर्ण होताना मिळतील, 15 कोटी 18 महिने एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्या पक्षाकडच्या राखीव खात्यात, राहतील आणि 20 कोटी पुढच्या 2 वर्षांच्या विक्रीवर अवलंबून असतील. सही केल्यापासून 60 दिवस दुसऱ्या कोणाशीही विक्रीबद्दल बोलायचे नाही अशी अट आहे, आणि सही करायला 10 दिवस दिले आहेत. 90 कोटी ही किंमत योग्य आहे का आणि विकावे का, हे आपण विचारले आहे.

मी सीए आहे आणि गेली 20 हून अधिक वर्षे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत, बहुतांशी विकणाऱ्याच्या बाजूने, काम करतो. नफ्याच्या 18 पट आणि उलाढालीच्या चौपट किंमत कोणी देऊ करत असेल, तर वरवर पाहता ती चांगलीच आहे. ती आणखी वाढू शकते की नाही, हे दरवर्षी किती ग्राहक वर्गणी पुन्हा भरतात, पहिल्या तीन ग्राहकांकडून उलाढालीचा किती हिस्सा येतो आणि वाढीचा वेग काय आहे यांवर ठरेल. हे आकडे आपण दिलेले नाहीत, म्हणून त्यावर मी ठाम बोलणार नाही. मात्र माझ्या मते आपला खरा प्रश्न वेगळा आहे. हे पत्र 90 कोटी देतच नाही. ते काही रक्कम नक्की देते, काही रक्कम अडकवून ठेवते आणि काही रक्कम केवळ शक्यता म्हणून दाखवते. यांपैकी नक्की किती आणि शक्यता किती, हे ठरवण्याची आपली ताकद सही होईपर्यंतच्या या 10 दिवसांत सर्वांत जास्त आहे. सहीनंतर ती रोज थोडी थोडी कमी होत जाते.

आधी हिशेब करून पाहू. 90 चे 62 टक्के म्हणजे जवळपास 56 कोटी, आणि हाच आकडा गेले काही दिवस आपल्या डोक्यात घोळत असणार. आता पत्रातली ‘कॅश-फ्री, डेट-फ्री’ ही दोन शब्दांची अट पाहा. तिचा अर्थ असा की 90 कोटी ही निव्वळ व्यवसायाची किंमत आहे. बँकेतली रोख आपली म्हणून त्यात मिळवायची आणि कर्ज व कर्जासारखी देणी त्यातून वजा करायची. आपल्या सांगण्यानुसार बँकेत 6 कोटी आहेत, ओव्हरड्राफ्ट 2 कोटींचा आहे आणि ग्रॅच्युइटीची तरतूद न केलेली देणी सुमारे 1 कोटीची आहेत. इथपर्यंत हिशेब 3 कोटींनी आपल्या बाजूने आहे. परंतु ग्राहकांनी वर्षभराची वर्गणी आगाऊ भरलेली आहे आणि त्यातली 7 कोटींची सेवा अजून द्यायची आहे. खरेदीदाराचे सल्लागार म्हणतील की हे ग्राहकांचे देणे आहे, म्हणून ते कर्जासारखे धरा. तसे धरले तर अधिक 3 चे उणे 4 होतात. एका व्याख्येवर 7 कोटी फिरतात, आणि पत्रात ती व्याख्या लिहिलेलीच नाही.

माझ्या अनुभवात याचा न्याय्य तोडगा असा निघतो की आगाऊ रक्कम पूर्ण न धरता ती सेवा पुरवायला जेवढा प्रत्यक्ष खर्च येईल, म्हणजे सर्व्हरचे भाडे आणि सपोर्टच्या माणसांचे पगार, तेवढाच कर्जासारखा धरायचा. आपल्यासारख्या कंपनीत तो आगाऊ रकमेच्या मानाने बराच कमी असतो. मात्र ही गोष्ट पत्रातच लिहून घ्यावी लागते. तीन महिन्यांनी अंतिम करारावर बसल्यावर ती काढली, तर ‘हे तर बाजारातले प्रचलित धोरण आहे’ असे शांतपणे सांगितले जाते आणि तोवर आपण दमलेले असता.

समजा, तोडगा निघाला नाही आणि 4 कोटी वजा झाले. पहिल्या दिवशीचे 55 कोटी 51 वर आले. वकील, सल्लागार आणि बँकर यांचे 2 कोटी धरले तर 49 उरले. त्याचे 62 टक्के म्हणजे 30 कोटींच्या आसपास. असूचीबद्ध शेअर्स 24 महिन्यांहून अधिक काळ जवळ असतील तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. त्यावर 15 टक्क्यांपर्यंत मर्यादित अधिभार आणि 4 टक्के उपकर मिळवला की दर 14.95 टक्के होतो. आपली मूळ गुंतवणूक नगण्य असल्याने जवळपास सगळी रक्कम नफाच आहे. म्हणजे ज्या दिवशी कंपनी आपली राहणार नाही, त्या दिवशी आपल्या बँक खात्यात नक्की असे साधारण 26 कोटी येतात. आपल्या मनात 56 होते. 26 कोटी ही लहान रक्कम नाही आणि हा व्यवहार वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु विकायचे की नाही हा निर्णय 26 समोर ठेवून घ्यावा. त्यापुढचे जे मिळेल ते वरकड समजावे.

आता मागे राहणाऱ्या 35 कोटींकडे येऊ, कारण इथे पत्रात एक मूलभूत अडचण आहे. विकणारे भारतात आणि घेणारा परदेशी असेल, तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार एकूण मोबदल्याच्या जास्तीत जास्त 25 टक्के रक्कम मागे ठेवता येते, आणि तीही करारापासून 18 महिन्यांच्या आत द्यावी लागते. एस्क्रोलाही तीच 25 टक्के आणि 18 महिन्यांची मर्यादा आहे. आपल्या पत्रात 90 पैकी 35 कोटी, म्हणजे जवळपास 39 टक्के, मागे ठेवलेले आहेत आणि त्यातले काही 24 महिन्यांनंतर यायचे आहेत. हे आहे तसे बसत नाही. जर्मनीतल्या त्यांच्या वकिलांनी त्यांच्याकडचा नेहमीचा मसुदा पाठवला असावा, इतकाच याचा अर्थ. शिवाय शेअर्सची किंमत सीए किंवा मर्चंट बँकर यांनी मान्य पद्धतीने काढलेल्या रास्त मूल्यापेक्षा कमी असता कामा नये, आणि हस्तांतरणाची माहिती 60 दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीवर भरावी लागते. ती भरण्याची जबाबदारी भारतातल्या विक्रेत्याची, म्हणजे आपली आहे.

हा नियम आपल्यासाठी वाटाघाटीतला भक्कम आधार आहे. ‘आम्हांला मान्य नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘कायद्यात बसत नाही, त्यामुळे रचना बदलावी लागेल’ असे म्हणता येते, आणि रचना बदलताना नक्की मिळणारी रक्कम वाढवून मागता येते. रचना बदलण्याचे मार्ग आहेत. एक म्हणजे टप्प्याटप्प्याने विक्री: आज 80 टक्के शेअर्स विकायचे आणि उरलेले 20 टक्के दोन वर्षांनी, आधीच ठरलेल्या सूत्राने निघणाऱ्या किमतीला. यात उरलेले शेअर्स आपल्या नावावर राहतात, त्यामुळे पैसे मिळाले नाहीत तर हातात निदान मालकीचा तुकडा असतो. मला हा मार्ग आवडतो, पण त्यासाठी सूत्र फार काळजीपूर्वक लिहावे लागते, आणि दुसऱ्या टप्प्याच्या वेळीही रास्त मूल्याचा नियम लागू राहतो.

दुसरा मार्ग खरेदीदाराला आवडतो: 20 कोटी शेअर्सच्या किमतीतून काढून आपल्याला व सहसंस्थापकाला ‘टिकून राहिल्याचा बोनस’ म्हणून द्यायचे. इथे सावध राहावे. तो पगार ठरतो. नव्या करप्रणालीत 2 कोटींहून अधिक उत्पन्नावर पगाराचा वरच्या टप्प्यातला दर अधिभार व उपकर धरून 39 टक्के होतो. तोच रुपया शेअर्सची किंमत म्हणून आला तर 14.95 आणि बोनस म्हणून आला तर 39. त्याशिवाय तुम्हांला नोकरीवरून काढले तर काय, हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. (कलमांचे क्रमांक मी मुद्दाम देत नाही, 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने जुने क्रमांक बदलले आहेत. आपल्या कर-सल्लागाराकडून नव्या कायद्यातली कलमे तपासून घ्या.)

विक्रीवर अवलंबून असलेल्या रकमेला, म्हणजे अर्न-आउटला, माझा सरसकट विरोध नाही. परंतु त्याचे मोजमाप ज्या गोष्टीवर आहे ती गोष्ट विक्रीनंतर कोणाच्या हातात राहणार, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका संस्थापकाने असाच करार केला होता. दोन वर्षांत विक्री दीडपट झाली की 12 कोटी मिळणार होते. पहिले सहा महिने सगळे सुरळीत चालले. नंतर खरेदीदाराने विक्री विभागातली सात माणसे आपल्या दुसऱ्या उत्पादनाकडे वळवली, आणि ग्राहकांना दोन्ही उत्पादने एकत्रित किमतीत देऊन सगळी रक्कम त्या दुसऱ्या उत्पादनाच्या खात्यात दाखवायला सुरुवात केली. यात फसवणूक अशी काहीच नव्हती. कंपनी त्यांची होती आणि त्यांना तसे करणे सोयीचे होते. लक्ष्य थोडक्यात हुकले आणि करारात ‘सर्व किंवा शून्य’ असे लिहिलेले असल्याने मिळाले शून्य. त्या बैठकीत तो गृहस्थ तक्ता उलटसुलट करून पाहत होता ते मला अजून आठवते. तेव्हापासून मी चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय पुढे जात नाही: रक्कम प्रमाणात मिळेल, एकत्रित विक्रीत आपल्या उत्पादनाचा वाटा कसा मोजायचा ते ठरलेले असेल, विक्रीची माणसे आणि खर्चाचे अंदाजपत्रक एका पातळीखाली आणता येणार नाही, आणि कंपनी पुन्हा तिसऱ्याला विकली गेली किंवा आपल्याला विनाकारण काढले, तर पूर्ण रक्कम तत्काळ देय होईल.

अर्न-आउटच्या कराबाबतही निकाल एकसारखे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये असे धरले की जी रक्कम मिळेलच अशी खात्री नाही, ती विक्रीच्या वर्षात उत्पन्न म्हणून धरता येत नाही. त्याआधी, 2012 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे मिळणारी रक्कमही हस्तांतरणाच्याच वर्षी करपात्र धरली होती. आपण महाराष्ट्रात असल्याने मुंबईचा निकाल आपल्या कामाचा आहे, तरी कराराची भाषा त्याला पूरक असावी लागते. ‘90 कोटी, त्यातले 20 नंतर’ आणि ‘70 कोटी, आणि अटी पूर्ण झाल्यास 20 पर्यंत अधिक’ या दोन वाक्यांत कराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आपल्या पत्रात पहिले वाक्य आहे.

आता 60 दिवसांच्या एक्स्क्लुझिव्हिटीबद्दल, म्हणजे दुसऱ्या कोणाशीही न बोलण्याच्या बंदीबद्दल, कारण बाकी सगळे तिच्याभोवती फिरते. सही केल्यावर आपल्याकडे दुसरा खरेदीदार उरत नाही. मग ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीदाराकडून कंपनीची कसून तपासणी, सुरू होते, डेटा रूममध्ये, म्हणजे त्यासाठीच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये, शेकडो कागद चढवले जातात, आपण आणि आपला वित्त-प्रमुख रात्री अकरापर्यंत प्रश्नांची उत्तरे देत बसता. या काळात विक्रीकडे दुर्लक्ष होते. एखाद्या तिमाहीचे आकडे घसरतात आणि मग पन्नासाव्या दिवशी फोन येतो की आकडे पाहता किंमत 10 टक्क्यांनी कमी करावी लागेल. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता प्रत्येक संस्थापकाला आधीच सांगतो: या दोन महिन्यांत एकाने व्यवहार सांभाळायचा आणि एकाने फक्त धंदा. आपल्याकडे सहसंस्थापक आहे. त्याला व्यवहाराच्या बैठकांपासून दूर आणि ग्राहकांच्या जवळ ठेवा. 60 ऐवजी 45 दिवस मागा आणि एक वाक्य घालून घ्या की खरेदीदाराने किंमत कमी करण्याचा प्रस्ताव दिला, तर त्या क्षणी ही बंदी संपेल.

ड्यू डिलिजन्समध्ये जे सापडते ते बहुधा फार जुने आणि फार साधे असते. एका कंपनीच्या मूळ प्रोग्रामचा गाभा 2014 मध्ये एका फ्रीलान्सर मुलाने लिहिला होता. त्याला 80 हजार रुपये दिले होते आणि करार म्हणून ईमेलवर एक ओळ होती. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजे 1957 च्या कॉपीराइट ॲक्टनुसार, नोकरीत असलेल्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड वेगळे काही ठरले नसेल तर मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच राहतो. त्याहून नाजूक मुद्दा असा की लेखी हस्तांतरण असले आणि त्यात मुदत लिहिलेली नसली, तर ते 5 वर्षांचेच मानले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. जर्मन खरेदीदाराला ‘फक्त भारतापुरता’ हक्क काय कामाचा? तो मुलगा तोवर कॅनडात स्थायिक झालेला होता. त्याला शोधून, त्याच्याशी सभ्यपणे बोलून, योग्य मोबदला देऊन नवे हस्तांतरणपत्र करून घ्यायला पाच आठवडे लागले. त्याने अडवणूक केली नाही हे आमचे भाग्य. खरेदीदार दारात उभा आहे हे कळल्यावर कोणी अडवणूक केली असती, तर त्याला दोषही देता आला नसता.

म्हणून आपण आजच ही तपासणी स्वतः करा. सुरुवातीपासून कोड लिहिलेल्या प्रत्येक माणसाची यादी करा. प्रशिक्षणार्थी, मित्र, कॉलेजातले प्रकल्पवाले, सगळे धरून. प्रत्येकाच्या नावापुढे कागद आहे का ते पाहा. सॉफ्टवेअरमध्ये वापरलेले ओपन सोर्स घटक आणि त्यांचे परवाने यांचीही यादी करा. जीपीएलसारख्या, म्हणजे त्यावर बेतलेला कोडही खुला करायला लावणाऱ्या, परवान्याचा घटक आपल्या कोडमध्ये मिसळलेला असेल तर ते खरेदीदाराच्या तंत्रज्ञाला पहिल्याच आठवड्यात दिसते. मोठ्या ग्राहकांच्या करारांत ‘मालकी बदलल्यास आमची संमती लागेल’ असे कलम आहे का, हेही याच वेळी बघा. औषध कंपन्यांच्या करारांत ते बरेचदा असते. दोष आपण आधी सांगितला तर तो माहितीचा भाग होतो, आणि त्यांनी शोधला तर तोच किंमत कमी करण्याचे कारण होतो.

सही आणि पूर्तता यांच्यात किती अंतर असू शकते, याचे मुंबईतलेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2000 मध्ये सुरू झालेली बिलडेस्क ही देयके ऑनलाइन भरण्याची सोय देणारी नामांकित खासगी कंपनी. प्रोसस या नेदरलँड्समधील समूहाच्या पेयूने ती 4.7 अब्ज डॉलरना घेण्याचा करार 31 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केला. भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी सप्टेंबर 2022 मध्ये मिळाली. तरीही 30 सप्टेंबर 2022 या अखेरच्या तारखेपर्यंत काही पूर्वअटी पूर्ण झाल्या नाहीत असे सांगत प्रोससने ऑक्टोबरच्या सुरुवातीला करार संपल्याचे जाहीर केले. करार जाहीर झाल्यानंतर तेरा महिन्यांनी कंपनी जिथे होती तिथेच राहिली. दुसरीकडे डिझाइनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या फिग्माला ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये 20 अब्ज डॉलर देऊ केले होते. युरोप आणि ब्रिटनमधल्या नियामकांच्या हरकतींमुळे तो व्यवहार डिसेंबर 2023 मध्ये सोडून द्यावा लागला. पण फिग्माने करारातच व्यवहार फिसकटल्याची भरपाई लिहून घेतली होती, त्यामुळे तिला 1 अब्ज डॉलर मिळाले. पुढे जुलै 2025 मध्ये तिचे शेअर्स बाजारात आले.

आपल्या आकाराच्या व्यवहाराला स्पर्धा आयोगाचा अडसर सहसा येत नाही. तरी पूर्वअटींची यादी किती लांब आहे, त्यातल्या किती अटी पूर्ण झाल्या हे ठरवणे खरेदीदाराच्या मर्जीवर आहे आणि अखेरची तारीख कोणती, हे तिन्ही प्रश्न आपल्यालाही तितकेच लागू आहेत. ‘खरेदीदाराचे समाधान होईल अशा रीतीने’ हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे तिथे खोडा आणि त्याजागी मोजता येईल अशी अट लिहा. फिग्मासारखी भरपाई आपल्याला मिळणे अवघड आहे, पण व्यवहार त्यांच्या बाजूने मोडल्यास आपला वकील-सल्लागारांचा खर्च त्यांनी द्यावा, इतके मागणे अगदी रास्त आहे. आणि पूर्तता होईपर्यंत नवी भरती, नवे ग्राहक, पुढच्या वर्षीची आवृत्ती यांतले काहीही थांबवू नका.

कर्मचाऱ्यांचा उल्लेख आपल्या प्रश्नात एका ओळीत आला आहे. माझ्या मते त्याला अधिक जागा हवी. ईसॉप वापरून शेअर घेताना रास्त मूल्य आणि दिलेली किंमत यांतला फरक पगार म्हणून करपात्र होतो, आणि विक्रीच्या वेळी पर्याय रद्द करून रोख दिली तरी ती पगारातच धरली जाते. ज्यांनी दोन वर्षांपूर्वीच शेअर्स घेऊन ठेवले आहेत, त्यांना मात्र भांडवली नफ्याचा दर मिळतो. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांच्या हातात वेगवेगळी रक्कम पडणार असेल, तर त्याचे कारण त्यांना आपल्या तोंडून कळले पाहिजे. अजून न पिकलेल्या पर्यायांचे, म्हणजे जे वापरण्याची ठरलेली मुदत अजून भरलेली नाही त्यांचे, काय होणार, हे योजनेच्या मसुद्यात लिहिलेले नसेल तर आता ठरवा, कारण नंतर ते खरेदीदार ठरवेल. अटलांटातील मेलचिंप ही ईमेल-प्रचाराची सेवा देणारी कंपनी संस्थापकांनी बाहेरचे भांडवल न घेता मोठी केली आणि 2021 मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीला सुमारे 12 अब्ज डॉलरना विकली; कर्मचाऱ्यांकडे मूळ कंपनीचे शेअर्सच नव्हते, आणि विक्रीच्या वेळी त्यांना इंट्यूटचे शेअर्स टप्प्याटप्प्याने देऊ केले गेले. कायद्याने त्यात काही गैर नव्हते, तरी अनेकांच्या मनात सल राहिला. आपल्याकडे निदान 8 टक्क्यांची योजना आहे. पहिली पाच-सहा वर्षे कमी पगारावर राहिलेल्यांचे न पिकलेले पर्याय विक्रीच्या दिवशी पूर्ण पिकवावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. त्याचा भार तुम्हां सगळ्यांच्या वाट्यावर थोडा पडेल आणि तो पडावा.

गुंतवणूकदारांच्या करारातली दोन कलमे काढून वाचा. त्यांच्या प्राधान्य शेअर्सना आधी मूळ रक्कम आणि वर पुन्हा 16 टक्के वाटा असा दुहेरी हक्क आहे का, की दोहोंपैकी एकच? वरचा हिशेब मी ‘एकच’ धरून केला आहे. दुसरे, बहुमताने विक्री ठरल्यावर उरलेल्यांना विकायला लावण्याचा हक्क, म्हणजे ड्रॅग-अलाँग, कोणाकडे आणि किती टक्क्यांवर आहे? सहसंस्थापकाचे मत आपण लिहिलेले नाही. त्याचे 14 टक्के कमी वाटले, तरी खरेदीदार त्याच्याही सहीशिवाय आणि बहुधा त्याच्या दोन वर्षांच्या बांधिलकीशिवाय पैसे सोडणार नाही.

हमी आणि स्पर्धा न करण्याच्या अटी यांबद्दल थोडक्यात: धंद्याविषयीच्या हमींची जबाबदारी एस्क्रोतल्या रकमेपुरती मर्यादित ठेवा आणि मुदत 18 महिन्यांची घ्या; शेअर्सची मालकी आणि जुने कर यांसाठी जास्त मुदत द्यावी लागेल. नोकरी सोडल्यावर स्पर्धा करू नये ही अट आपल्या करार कायद्यात सहसा टिकत नाही, पण धंदा आणि त्याची पत विकणाऱ्यावर घातलेली वाजवी बंदी टिकते. म्हणून ‘गोदाम व शीतगृहांतील औषधसाठ्याचे सॉफ्टवेअर, तीन वर्षे’ इतकीच ती अरुंद असावी. ‘कोणतेही सॉफ्टवेअर’ असे लिहिलेले असेल तर तुमची पुढची उमेद त्यात अडकेल.

मग विकावे का? हे आपल्या वयावर, घरावर, उत्पादनाला पुढे किती भांडवल लागेल यावर आणि आपल्याला दुसऱ्याच्या हाताखाली दोन वर्षे काम करवेल का यावर अवलंबून आहे. या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी 2014 च्या विक्रीनंतर काही वर्षांत, आपल्या शेअर्सची पूर्ण मुदत भरण्याआधीच, नव्या मालकाची साथ सोडली आणि मोठ्या रकमेवर पाणी सोडले. त्यांना ते परवडले. आपला अर्न-आउट मात्र आपण तिथे राहण्यावर उभा असेल, तर आपल्या वरिष्ठपदी येणाऱ्या व्यक्तीला सही करण्यापूर्वी निदान दोनदा प्रत्यक्ष भेटा, एकदा त्यांच्या कार्यालयात आणि एकदा आपल्या एखाद्या ग्राहकाच्या गोदामात. शीतगृहात अर्धा तास उभे राहून तो काय प्रश्न विचारतो, यावरून त्याला हे उत्पादन हवे आहे की फक्त ग्राहकांची यादी, हे आपल्याला कळेल.

या 10 दिवसांत पत्राला उत्तर द्या, पण सही करून नव्हे. एका पानाचे उत्तर लिहा: प्रस्तावाबद्दल आभार; मागे ठेवलेली रक्कम भारतीय नियमांत बसत नसल्याने पहिल्या दिवशीची रक्कम 68 कोटींच्या वर न्यावी, म्हणजे मागे राहणारी रक्कम 25 टक्क्यांत येईल; आगाऊ वर्गणीचा फक्त सेवाखर्च कर्जासारखा धरावा; अर्न-आउट प्रमाणात मिळावा आणि तो 18 महिन्यांत संपावा; बंदी 45 दिवसांची असावी आणि किंमत कमी करताच संपावी. या उत्तराने व्यवहार मोडण्याची भीती आपल्याला वाटेल. ज्याला खरोखर घ्यायचे असते तो अशा पत्राला दोन दिवसांत फोन करतो. फोन आला की कंपनीचा कायदा आणि परकीय चलन या दोन्हींत मुरलेला वकील सोबत घेऊनच पुढच्या बैठकीला बसा, आणि आजपासून तोवरच्या वेळात कोड लिहिलेल्या माणसांची ती यादी पूर्ण करा.